कोंबडी आणि माणसाचा हात

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धभोजनाचे नियम सांगताना एक लक्षणीय क्रम येतो. श्राद्धाचे अन्न डुकराच्या हुंगण्याने नासते, कुत्र्याच्या दृष्टीने नासते, आणि कोंबड्याच्या बाबतीत तर त्याने अन्नाला स्पर्श करण्याचीही गरज नाही, त्याच्या पंखांचा वारा पुरेसा होतो. त्याच श्लोकात स्पर्शाने अन्न नासविणारा म्हणून ज्याचा उल्लेख आहे तो प्राणी नसून माणूस आहे, हेही विसरता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या पंखांच्या वाऱ्यापुरता मर्यादित आहे. ज्या समाजाने कोंबड्याचा वाराही टाळला, त्या समाजाच्या ग्रंथांत कोंबडी हाताला कशी लागते याची नोंद सापडावी कशी?

कोंबडीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. तिच्या मांसाचा, तिच्या अंड्याचा, तिच्या झुंजींचा, अलीकडे तिच्या जनुकांचाही. तथापि तिला रोज हातात धरणाऱ्या माणसांनी, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, जे ज्ञान मिळविले ते कोणाच्या दप्तरात आले नाही. माळव्यात दोनअडीचशे वर्षे राहिलेल्या आपल्या मराठी घराण्यांना दप्तराचा मोठा अभिमान आहे आणि तो योग्यही आहे. परंतु लिहिणारा हात आणि कोंबडी धरणारा हात हे आपल्याकडे बहुधा दोन वेगळ्या माणसांचे होते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

ग्रंथांतील निषेधाचेही थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. मनूने पाचव्या अध्यायात जो निषिद्ध ठरविला तो ‘ग्रामकुक्कुट’ होय. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच या निषेधाचे उदाहरण व्याकरणाच्या युक्तिवादासाठी वापरले आहे. गावचा कोंबडा खाऊ नये असे म्हटले की रानचा खाण्यास हरकत नाही हे आपोआप समजते, असे तो सांगतो. म्हणजे आक्षेप पक्ष्याला नव्हता, तो गावात राहणाऱ्या, उकिरडा उकरणाऱ्या पक्ष्याला होता. जो माणसाच्या हाताशी आला तोच अशुद्ध ठरला. जो हाताला लागत नाही तो चालला.

आता गंमत अशी की हाताशी येणे हीच तर कोंबडीच्या कोंबडीपणाची सुरुवात आहे. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या कोंबडीचा मूळ पुरुष लाल रानकोंबडा होय. चार्ल्स डार्विनने १८६८ सालच्या आपल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथात हाच निष्कर्ष काढला होता, आणि त्यासाठी त्याला कोलकात्यातील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याच्या पत्रांची मोठी मदत झाली. पाळीव कोंबडी प्रथम कोठे व केव्हा झाली याबद्दल आजवर बरेच दावे झाले. मोहेंजोदडोचे नाव त्यात अनेक वर्षे होते. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पुनर्परीक्षणात अनेक ठिकाणची हाडे नव्याने तपासली गेली, आणि खात्रीने पाळीव म्हणता येईल असा सर्वांत जुना पुरावा थायलंडमधील बान नॉन वाट येथील ठरला. त्याचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५० च्या दरम्यानचा आहे. भाताची आणि भरड धान्याची कोरडवाहू शेती आली, मळणीचे सांडलेले दाणे आले, आणि त्या दाण्यांमागे रानपक्षी वस्तीजवळ आला, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

पण जवळ येणे वेगळे आणि हातात येणे वेगळे. रानकोंबडा धरून ठेवला तर तो धडपडून स्वतःला जखमी करून घेतो. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात या प्रश्नावर एक सुंदर प्रयोग झाला. लाल रानकोंबड्यांच्या पिल्लांपैकी जी माणसाला कमी भितात एवढीच निवडून त्यांची वीण पुढे चालविली. वजन, अंडी, रंग यांपैकी कशासाठीही निवड केली नव्हती. तरीही अवघ्या काही पिढ्यांत ते पक्षी अंगाने मोठे होऊ लागले, त्यांची अंडी मोठी झाली, आणि शरीराच्या मानाने मेंदू लहान झाला. माणसाचा हात सहन करणे हा एकच गुण धरला आणि बाकीची कोंबडी जणू त्यामागून आली. हे वाचताना मला असे वाटले की थायलंडच्या त्या भातखाचरांच्या कडेला कोणीतरी एक पिल्लू उचलले असेल आणि ते हातात शांत बसले असेल. तेच राहिले, तेच वाढले. त्या हाताने काय निवडले ते त्या हातालाही ठाऊक नव्हते.

आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबडा हा याहून निराळा पक्षी. पाळीव कोंबडीची पिवळी कातडी लाल रानकोंबड्याकडून आलेली नसून या राखी जातीकडून आली आहे, हे २००८ साली सिद्ध झाले. सातपुड्यात पचमढीच्या परिसरात लाल आणि राखी या दोन्ही जातींच्या हद्दी भेटतात, हे आपल्या मध्य प्रदेशाचे एक वैशिष्ट्य. राखी कोंबड्याच्या मानेची पिसे हाताला विलक्षण लागतात. पिसाचा दांडा टोकाकडे चपटा होऊन तेथे मेणाच्या थेंबासारखा घट्ट, गुळगुळीत ठिपका तयार झालेला असतो. बोटाने चाचपले तर पिसाऐवजी लाखेचा मणी हातात आल्याचा भास होतो. याच गुळगुळीतपणापायी ब्रिटनमधील मासे पकडणाऱ्या शौकिनांना ही पिसे गळावरच्या खोट्या माशीसाठी हवी असत आणि त्यासाठी हिंदुस्थानातून त्यांची मोठी निर्यात होत असे.

कोंबडा हातात धरण्याची विद्या मात्र आपल्या वाङ्मयात आहे, कारण ती राजेरजवाड्यांच्या करमणुकीशी जोडलेली होती. कामसूत्रातील चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजींची कला गणली आहे. दंडीच्या दशकुमारचरितात कोंबड्यांच्या झुंजीचा प्रसंग असून त्यात झुंजणाऱ्या कोंबड्यांच्या जातींची नावेही येतात. चित्रात पाहायचे तर योहान झोफनीने १७८० च्या दशकात रंगविलेले लखनौच्या कर्नल मॉर्डंटच्या झुंजीचे चित्र पाहावे. नवाब असफउद्दौला, कंपनीचे अधिकारी, बघे, अशी सारी गर्दी त्यात आहे. पण ज्याला पक्षी धरण्याची जाण आहे त्याची नजर कडेच्या माणसांकडे जाते, ज्यांनी आपापले कोंबडे काखेशी घेतले आहेत. छातीखाली तळवा, बोटांत पाय, पंख अंगाशी दाबलेले. नवाबाचे नाव इतिहासात आले, त्या धरणाऱ्यांची नावे आली नाहीत.

झुंजीचा असील कोंबडा हाताला लाकडासारखा लागतो. पिसे आखूड, ताठ आणि अंगासरशी चिकटलेली. त्यांखाली मऊ लव जवळजवळ नाहीच. छातीच्या हाडावर काही ठिकाणी उघडी तांबडी कातडी. आकाराने जेवढा दिसतो त्याहून उचलल्यावर तो जड भरतो. याच्या अगदी उलट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चीनहून युरोपात गेलेल्या कोचीन जातीच्या कोंबड्या. त्या दिसतात मोठ्या, पण हात घातला तर बोटे मनगटापर्यंत पिसांत बुडतात आणि अंग बरेच आत सापडते. व्हिक्टोरिया राणीने १८४० च्या दशकात अशा आशियाई कोंबड्या बाळगल्या आणि इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचे वेडच पसरले. १८५२ साली एका अमेरिकन व्यापाऱ्याने राणीला करड्या कोंबड्या नजर केल्या, त्या जातीला ब्रह्मपुत्रेवरून ‘ब्रह्मा’ हे नाव पडले. ब्राह्मणांनी ज्याचा वारा टाळला त्या पक्ष्याला असे नाव मिळावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा. मार्को पोलोनेही चीनमध्ये मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे. पिसांचे धागे एकमेकांना अडकवणारे सूक्ष्म आकडे त्या जातीत नसतात, म्हणून पीस पिसासारखे न लागता रेशमासारखे लागते. ज्या गोष्टीवर त्या काळी प्रवाशाला खोटारडा ठरवले गेले असते ती हाताने लावून पाहणाऱ्याला क्षणात पटली असती.

हे झाले शौकिनांचे. आता घरच्या कोंबडीकडे येतो.

ज्याने कधीच कोंबडी धरलेली नाही त्याला पहिला धक्का बसतो तो उष्णतेचा. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. आपल्याला एवढा ताप आला तर घरात धावपळ होईल. हिवाळ्याच्या पहाटे पंखाखाली हात सरकवला तर चुलीजवळ हात नेल्यासारखे वाटते. ‘पंखाखाली घेणे’ हा आपला वाक्प्रचार आपण छायेच्या अर्थाने वापरतो. ज्यांनी तो घडविला त्यांना त्यातली ऊब ठाऊक असली पाहिजे. दुसरा धक्का हलकेपणाचा. पिसांमुळे दिसणारा आकार आणि हातात येणारे वजन यांचा मेळ बसत नाही. तिसरी गोष्ट हृदयाची. मिनिटाला अडीचशे-तीनशे ठोके. ते ठोके म्हणून मोजता येत नाहीत, तळव्याला एक अखंड थरथर जाणवते. पाय मात्र थंड, कोरडे, खवल्यांचे; जणू दुसऱ्याच एखाद्या प्राण्याचे जोडलेले. आणि तुरा, ज्याला पाहून तो कडक असेल असे वाटते, तो कानाच्या पाळीसारखा मऊ आणि ऊन असतो.

एवढे कोणालाही कळेल. परंतु ज्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या आहेत तेथील बाई कोंबडी उचलते तेव्हा तिचा हात पाच-सहा ठिकाणी जाऊन आलेला असतो. गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीवर एकदा: ती भरलेली आणि लवचिक असेल तर कोंबडी चरून आली, कडक गोळा लागला तर काही अडकले आहे, पाण्यासारखी हलली तर आजार. मग छातीच्या मधल्या उभ्या हाडावर: ते सुरीच्या पात्यासारखे बोचले तर पक्षी खंगला आहे, बाजूचे मांस हाडाच्या बरोबरीने भरले असेल तर ठीक. मग मागे, शेपटीखालच्या दोन बारीक हाडांमध्ये. त्यांत दोन-तीन बोटे मावली तर ती अंड्यावर आहे. बोटच मावत नसेल तर अजून तलंग आहे किंवा अंडी थांबली आहेत. ही परीक्षा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत वॉल्टर होगन नावाच्या गृहस्थाने पुस्तकरूपाने मांडली आणि ती त्याच्या नावाने चालली. कुक्कुटपालनाच्या शासकीय प्रशिक्षणातही ती शिकविली जात असे. माझ्या सेवेच्या आरंभीच्या काळात झाबुआ जिल्ह्यात एका प्रशिक्षणवर्गास मी हजर होतो. शिकविणाऱ्याने ही परीक्षा करून दाखविली तेव्हा समोर बसलेल्या भिल्ल स्त्रिया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. त्यांचे हसणे उपहासाचे नव्हते. आपल्या घरातले काहीतरी सरकारने कागदावर लिहून आणले याचे त्यांना नवल वाटले असावे.

खुडूक बसलेल्या कोंबडीचा स्पर्श आणखी निराळा. तिच्या पोटावरची पिसे गळून तेथे उघडी कातडी तयार होते, ती नेहमीपेक्षा अधिक उष्ण असते, कारण अंड्यांना ऊब तेथूनच मिळते. तिच्याखाली हात घातला तर ती अंग फुगवते, जड करते, आणि चोचीने टोचते. अंडे उबते आहे की नाही हे हाताने, कानाशी धरून, उन्हाकडे पाहून ठरविण्याच्या रीती गावोगाव होत्या. इजिप्तमध्ये तर प्राचीन काळापासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांत कोंबडीविना हजारो अंडी उबविली जात. आणि तेथील वंशपरंपरागत कारागीर तापमापक नसताना अंडे आपल्या पापणीला लावून उष्णता पारखत. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ. हा उद्योग पाहून युरोपीय प्रवासी चकित झाले. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने अठराव्या शतकात यावर ग्रंथ लिहिला आणि भट्टीची नक्कलही केली. पापणीची नक्कल करणे त्याला अर्थातच अवघड होते, म्हणून त्याने तापमापकाचा आश्रय घेतला.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. कोंबडी हातात निश्चल झाली म्हणजे ती सुखावली असे समजले जाते. १६४६ साली अथानासियस किर्शर या जेझुइट पंडिताने एक चमत्कार म्हणून लिहून ठेवले की कोंबडीला जमिनीवर दाबून धरून तिच्या चोचीपुढे खडूची रेघ ओढली तर ती मंत्रावल्यासारखी पडून राहते. रेघेचा यात काहीच भाग नाही. शत्रूच्या तावडीत सापडलेला पक्षी मेल्याचे सोंग घेतो, त्यातला हा प्रकार आहे. अशा वेळी तो पक्षी भीतीच्या टोकाला असतो. पाय धरून उलटी लोंबकळवलेली कोंबडी लवकर गप्प होते, तेही याच कारणाने आणि श्वास कोंडल्यामुळेही. आपल्यासारखा छाती व पोट वेगळे करणारा पडदा तिला नसल्याने उलटे धरल्यावर आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो. आठवडी बाजारात पायांना सुतळी बांधून सायकलच्या दांडीला लोंबकळणाऱ्या कोंबड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिचे डोळे उघडे आहेत की अर्धे मिटलेले, एवढे पाहणारा विरळा. याउलट जी खरोखर निश्चिंत असते ती हातात थोडी जड होते, मान आत ओढते आणि पायांची पकड सैल सोडते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला कळतो.

आपल्या घराण्यांकडे वळू. मराठे माळव्यात आले ते काही एका जातीचे नव्हते. शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर आलेल्या मराठा, धनगर, कायस्थ प्रभू घरांत कोंबडी शिजत होती. ज्या घरांत म्हसोबाला कोंबडा चालतो तेथे तो हातातही घेतला जात होता. ब्राह्मण वाड्यांत ती नव्हती. परंतु सरदारी वाढली, वाडे मोठे झाले, तसे मांसाहारी घरांतही कोंबडी धरण्याचे, कापण्याचे, सोलण्याचे काम दुसऱ्याकडे गेले. म्हणजे जिभेला चालते पण हाताला नाही, अशी एक नवी पायरी तयार झाली. मला ही पायरी मनूच्या निषेधापेक्षा अधिक विचार करण्याजोगी वाटते, कारण तिला कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार नव्हता. केवळ प्रतिष्ठेचा होता. इंग्रज अंमलात डाकबंगल्याच्या खानसाम्याची कोंबडी प्रसिद्धच होती. साहेबाचा घोडा फाटकात दिसला की अंगणात पाठलाग सुरू होई आणि तासाभरात तीच कोंबडी ताटात येई. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात या पदार्थाला ‘आकस्मिक मृत्यू’ अशा अर्थाचे टोपणनाव नोंदलेले आहे. ती कोंबडी कोणाच्या अंगणातली होती आणि तिचे पैसे पोहोचले का, हे कोशात अर्थातच नाही.

ब्राह्मण घरांत अंडे शिरले ते औषध म्हणून, डॉक्टरच्या सांगण्यावरून, वेगळ्या पातेल्यात. पुढे ते पातेलेही मिसळून गेले. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समितीची स्थापना झाली आणि तिच्या जाहिरातींनी अंडे सर्वत्र नेले. अंड्याला हात लावणारी पिढी आली. कोंबडीला हात लावणारी मात्र आली नाही, आणि ती येण्याची गरजही उरली नव्हती.

झाबुआची ‘काली मासी’, म्हणजे कडकनाथ, या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगी आहे. झाबुआ आणि २००८ साली त्यातून वेगळा झालेला अलीराजपूर हा जिल्हा, तसेच लगतचा गुजरात व राजस्थानचा भाग, ही तिची भूमी. तुरा, जीभ, कातडी, मांस, हाडांवरचे आवरण, सारे काळे किंवा जांभळट काळे. चीनच्या त्या रेशमी पिसांच्या कोंबडीतही हाच काळेपणा आहे आणि त्यामागचा जनुकीय बदल एकच असल्याचे दिसून आले आहे. हाताला कडकनाथ बारीक अंगाची, घट्ट, चपळ लागते. कोंबडा दीड-दोन किलोंच्या पुढे सहसा जात नाही. पिसे अंगासरशी, तकतकीत. हातात घेतल्यावर ती स्वस्थ बसत नाही, पायांनी जमीन शोधते. अंडी थोडी, वर्षाला शंभराच्या आतबाहेर, आणि उबविण्यात ती कच्ची. म्हणून भिल्ल घरांत तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवण्याची चाल आहे. हे कोणाच्या संशोधनातून आलेले नाही, हातांतून आलेले आहे.

१९७८ साली शासनाने झाबुआ येथे कडकनाथसाठी केंद्र काढले. त्याच सुमारास आणि पुढेही निरनिराळ्या योजनांतून पांढऱ्या लेगहॉर्न जातीचे पक्षी आदिवासी कुटुंबांना वाटले गेले. फायलीत रकाने होते: संख्या, किंमत, लाभार्थ्याची सही अथवा अंगठा. पुढच्या तपासणीत त्यांतील पुष्कळ पक्षी मृत दाखवावे लागत. एका फळियातील वृद्धेने मला कारण सांगितले होते, की हा पक्षी हलका आहे, हाताला भितो, आणि जो हाताला भितो तो संध्याकाळी डालग्याखाली येत नाही. मग रात्री कोल्हा आणि रानमांजर आहेच. लेगहॉर्न जात बुजरी असते हे मी नंतर पुस्तकांत वाचले. आमच्या तपासणी-प्रपत्रात मात्र ‘हाताला भितो’ असे लिहिण्यास जागा नव्हती. मराठीत ‘डालणे’ असे एक स्वतंत्र क्रियापद आहे, जे केवळ कोंबड्यांना डालग्याखाली झाकण्यासाठी वापरतात. ज्या भाषेला या एका कृतीसाठी वेगळा शब्द लागला, त्या भाषेच्या सर्वच बोलणाऱ्यांनी काही कोंबडीचा वारा टाळलेला नव्हता.

विसाव्या शतकात कारखानदारी आली. जपानमध्ये १९२० च्या दशकात मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दिवसाच्या पिल्लाचे लिंग ओळखण्याची रीत शोधून काढली. पिल्लू डाव्या हातात धरून, अंगठ्याने हलके दाबून, आतील मोहरीएवढा उंचवटा पाहावयाचा. तरबेज कारागीर तासाला हजाराच्या आसपास पिल्ले वेगळी करतो आणि शंभरात एक-दोनच चुकतात. ‘कसे ओळखले?’ असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. हातांच्या कौशल्याचे हे शिखर म्हणावे लागेल. परंतु या हातातून गेलेले नर पिल्लू अंड्यांच्या धंद्यात निरुपयोगी म्हणून त्याच दिवशी मारले जाते. एवढा सूक्ष्म स्पर्श एवढ्या थोड्या वेळासाठी आणि अशा कामासाठी!

आपल्याकडे १९७१ साली हैदराबादेत डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे तिचे केंद्र झाले, आणि भारतीय कुक्कुटपालनाचे रूपच पालटले. या उद्योगाने स्वस्त प्रथिने दिली, हजारो शेतकऱ्यांना व्यवसाय दिला. ते नाकारण्यात अर्थ नाही. मांसाचा पक्षी आज पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. तो उचलून पाहिला तर छाती ओल्या कणकेच्या गोळ्यासारखी लागते, पोटावरची पिसे विरळ, पायांवर भार पेलत नाही. अंड्यांच्या कोंबडीला पिंजऱ्यात मिळणारी जागा टंकलेखनाच्या कागदाएवढीही नसते. विधी आयोगाने २०१७ सालच्या आपल्या २६९ व्या अहवालात याचा विस्ताराने विचार केला आहे. एकमेकींना टोचू नये म्हणून तिच्या चोचीचे टोक कापतात. चोचीच्या टोकाशी स्पर्शाच्या मज्जातंतूंची दाटी असते; ज्याने आपण बोटांनी जग चाचपतो तसे ती चोचीने चाचपते. म्हणजे या व्यवस्थेत माणसाचा हात कोंबडीपासून गेला आणि कोंबडीचा स्पर्श जगापासून. २०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर होती. त्यांतील परसातले सुमारे ३१ कोटी ७० लाख. उरलेल्यांपैकी बहुतेकांना माणसाचा हात दोनदाच लागतो, आल्या दिवशी आणि नेल्या दिवशी.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ उघडकीस आली. त्या दिवसांतील छायाचित्रे वाचकांना आठवत असतील: पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसे, हातांत जाड मोजे, पोत्यांत पक्षी. परसातल्या कोंबड्याही त्यात गेल्या. रोग खरा होता आणि खबरदारी आवश्यक होती. तरीही कोंबडीच्या पंखांचा वारा पुन्हा एकदा भयाचा विषय झाला. यावेळी ज्यांनी तो कधीच टाळला नव्हता त्यांच्या दारी येऊन तो विषय झाला. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआतील एका कडकनाथ केंद्रावर हाच रोग आढळला. त्या केंद्राकडे क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांच्यासाठी दोन हजार पिल्लांची मागणी नोंदलेली होती, म्हणून ती बातमी देशभर झाली. तोवर ‘झाबुआ कडकनाथ’ मांसाला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला होता, आणि २०१९ मध्ये सांगली भागात कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांची मोठी फसवणूकही होऊन गेली होती. त्या शेतकऱ्यांनी कडकनाथ कागदावर पाहिली होती, बाजारभावाच्या रकान्यात.

भौगोलिक निर्देशांकाच्या अर्जात रंग, वजन, प्रथिनांचे प्रमाण, हे सारे असते. ज्या बायकांनी ही जात हाताने निवडत, पारखत, दुसऱ्या कोंबडीखाली तिची अंडी ठेवीत आजवर आणली, त्यांना ती हाताला कशी लागते हे कोणी विचारून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. इंदूरहून झाबुआ दीडशे किलोमीटर आहे. आपल्या मंडळाच्या सदस्यांत लोकभाषांची आवड असणारे, भिली समजणारे काही जण आहेत. मार्गशीर्ष-पौषात, कामे उरकल्यावर, दोन-चार हाटांत आणि फळियांत बसून हे विचारता येईल: निरोगी कोंबडीला काय म्हणतात, खंगलेलीला काय, छातीच्या हाडाला, दाण्याच्या पिशवीला, पिसांखालच्या उबेला भिलीत शब्द कोणते, अंड्यावर आलेली तलंग कोणत्या बोटांनी ओळखतात, संध्याकाळी कोणती कोंबडी आधी हाताखाली येते. ज्यांना हे सर्व ठाऊक आहे त्यांपैकी पुष्कळजणी आता सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या सुना सिमेंटच्या शेडमध्ये पाचशे पक्षी ठेवतात आणि सकाळी फक्त मेलेले उचलतात.

विचारायला जाणाऱ्याने आधी एकदा कोंबडी हातात घेऊन जावे. न घेता विचारले तर उत्तरे प्रशिक्षणवर्गातली मिळतात.